पायथनच्या शेलमध्ये बाण, टॅब आणि इनपुटआरसी ऐकत नाहीत तेव्हा

वरचा बाण दाबला की आधीची ओळ परत यावी एवढीच माणसाची अपेक्षा असते, आणि पडद्यावर उमटतं ^[[ए. नाहीतर बॅशमध्ये (लिनक्सच्या नेहमीच्या कमांड-शेलमध्ये) बोटांत मुरलेला व्हीआय मोड, म्हणजे व्हीआय एडिटरच्या कळांनी ओळ सुधारण्याची पद्धत, पायथनच्या प्रॉम्प्टवर ओळखच दाखवत नाही. नवं मशीन आलं, लिनक्स अपग्रेड झालं, पायथनची आवृत्ती बदलली, की ही तक्रार माझ्या टेबलापाशी येतेच. दुरुस्ती बहुतेक वेळा पाच मिनिटांची असते. वेळ जातो तो भलत्याच ठिकाणी शोधण्यात.

बहुतेक जण आधी ~/.इनपुटआरसी (घरच्या फोल्डरमधली, रीडलाइनच्या कळांची सेटिंग फाइल) उघडतात आणि नेटवर सापडलेल्या चार ओळी तिच्यात चिकटवतात. काही फरक पडत नाही, म्हणून आणखी चार. आठवड्याभराने त्या फाइलीत काय कशासाठी आहे हे कोणालाच सांगता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दाबलेली कळ वाचतंय कोण हे कळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नका. पायथनच्या प्रॉम्प्टवर ती वाचणारा जीएनयू रीडलाइन असू शकतो, लिबएडिट असू शकतो (दोन्ही ओळ टाइप करतानाच्या कळा सांभाळणाऱ्या लायब्ररी), ३.१३ पासून आलेला पायथनचा स्वतःचा नवा शेल असू शकतो, किंवा कोणीच नसू शकतं. प्रत्येकाची सेटिंगची जागा वेगळी आहे, आणि एकाची फाइल दुसरा उघडूनही बघत नाही.

एक सूचना: कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे घ्या. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

यातलं आपलं कोणतं ते आधी बघा, कारण दोन लक्षणं एकत्र असली तर कारणंही बहुधा दोन असतात.

• बाण दाबल्यावर ^[[ए, ^[[बी, ^[[सी, ^[[डी उमटतं, बॅकस्पेस मात्र नीट चालतो.
• बाण चालतात, पण टॅब दाबल्यावर नाव पूर्ण होत नाही.
• ~/.इनपुटआरसीमधली सेटिंग बॅशमध्ये लागू होते, पायथनमध्ये नाही.
• एखादंच अक्षर उमटत नाही. बहुतेक वेळा ते बी असतं. हसू नका, खरंच होतं.
• पायथन बंद करून पुन्हा उघडला की आधीच्या ओळी गायब. किंवा ओळी आहेत, पण शब्दांमधल्या जागांऐवजी उलटी तिरकी रेघ आणि शून्य-चार-शून्य दिसतं.
• लांब ओळ उजव्या कडेला पोचली की खाली न उतरता स्वतःवरच लिहिली जाते.
• कंट्रोल-एस दाबलं आणि सगळं गोठलं.

एक लक्षण यादीत घेतलं नाही, कारण तो बिघाड नाही: ओळीच्या सुरुवातीला, काहीच टाइप न करता टॅब दाबला तर नुसती जागा सुटते. पायथनमध्ये इंडेंट लागतो म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. टॅब तपासायचा असेल तर इम्प टाइप करून दाबा. इम्पोर्ट व्हायला हवं.

फुकटातल्या तपासण्या

कीबोर्ड मराठीवर तर नाही ना? इनस्क्रिप्ट लेआउट चालू असताना काही टर्मिनलांमध्ये कंट्रोल-आर, कंट्रोल-ए या जोड्या शेलपर्यंत पोचतच नाहीत, कारण त्या कळेवरचं अक्षर त्या घडीला रोमन नसतं. कोडमध्ये एखादी मराठी स्ट्रिंग लिहिली, लेआउट परत बदलायचं राहिलं, आणि मग ‘कंट्रोल चालत नाही’ म्हणून शोधाशोध. वर कोपऱ्यातलं चिन्ह बघायला दोन सेकंद लागतात.

सगळं गोठलं असेल तर कंट्रोल-क्यू दाबा. कंट्रोल-एस म्हणजे ‘थांब’ आणि कंट्रोल-क्यू म्हणजे ‘चालू दे’ हा टेलिटाइपच्या काळापासूनचा संकेत आहे आणि टर्मिनल आजही तो पाळतं. रीडलाइनमध्ये कंट्रोल-आरने मागे शोधता येतं आणि कंट्रोल-एसने पुढे. पण पुढचा शोध बहुतेकांनी आयुष्यात कधी पाहिलेला नसतो, कारण टर्मिनल ती कळ मधेच खाऊन टाकतं. ~/.बॅशआरसीमध्ये (बॅशच्या सेटिंग फाइलीत) ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ ही ओळ टाकली की हा प्रकार कायमचा संपतो.

एखादा प्रोग्रॅम अर्ध्यात मेल्यावर टाइप केलेलं दिसेनासं झालं असेल तर पायथनमधून बाहेर या, न दिसताच ‘एसटीटीवाय सेन’ टाइप करा आणि एंटर दाबा. एंटरही चालत नसेल तर त्याऐवजी कंट्रोल-जे. सेटिंगमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. मेलेला प्रोग्रॅम टर्मिनल आपल्या अवस्थेत सोडून गेलेला असतो.

ब्राउझरमधलं टर्मिनल वापरत असाल (ज्युपिटरमध्ये असतं तसं) तर कंट्रोल-डब्ल्यूने शब्द खोडायला जाऊ नका, अख्खा टॅब बंद होईल. व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्येही काही जोड्या एडिटर स्वतःकडे ठेवतो; त्या शेलला द्यायच्या असतील तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘कमांड्स टू स्किप शेल’ शोधा.

कळ टर्मिनलमधून बरोबर निघते का?

पायथनमधून बाहेर या. ‘कॅट -व्ही’ चालवा आणि बिघडलेली कळ दाबा. वरच्या बाणाला ^[[ए दिसलं तर टर्मिनल आपलं काम चोख करतंय. इथे ते दिसणं बरोबरच आहे: ^[ म्हणजे एस्केप, मग एक चौकटी कंस, मग ए. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं व्हीटी१०० टर्मिनल १९७८ साली आलं, त्याच्या बाणांचे हे संकेत आजची टर्मिनलंही पाठवतात. त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘वर जा’ असा लावणारं कोणीतरी पलीकडे बसलेलं लागतं. कोणी नसेल तर अक्षरं तशीच उमटतात, आणि यादीतलं पहिलं लक्षण हेच आहे.

मग बॅकस्पेस कसा चालतो? तो कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सांभाळतो. टर्मिनलच्या साध्या अवस्थेत बॅकस्पेस, कंट्रोल-यू, कंट्रोल-डब्ल्यू एवढं कर्नेललाच कळतं. म्हणून ‘कंट्रोल-यू चालतंय, म्हणजे रीडलाइन आहे’ असा निष्कर्ष काढू नका. बाण हीच खरी परीक्षा.

आता तीच कळ बॅशमध्ये दाबून बघा. बॅश रीडलाइनच वापरतं, त्यामुळे तिथे चालली आणि पायथनमध्ये नाही, तर दोष पायथनच्या बाजूला. दोन्हीकडे नाही, तर टर्मिनलच्या बाजूला. मॅकवाल्यांनी इथे सांभाळायचं: २०१९च्या कॅटालिनापासून नव्या खात्याला बॅश न मिळता झेडएसएच मिळतं, आणि झेडएसएचचं ओळ-संपादन त्याचं स्वतःचं आहे. ते इनपुटआरसी वाचत नाही. तिथे काही चाललं किंवा नाही चाललं यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आल्ट-बी आणि आल्ट-एफने शब्दाशब्दाने सरकता येत नसेल तर कारण जवळजवळ नेहमी इथेच सापडतं. मॅकच्या टर्मिनलमध्ये ऑप्शन कळेला ‘मेटा’ म्हणून वापरण्याची खूण प्रोफाइलच्या कीबोर्ड भागात करावी लागते. नोम टर्मिनलमध्ये आल्टने मेनू उघडतात. ते शॉर्टकट प्रेफरन्सेसमध्ये बंद करा.

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने गेल्यावरच बिघडत असेल तर ‘टर्म’ हा व्हेरिएबल बघा (सगळी मोठी अक्षरं). नव्या टर्मिनलांची नावं जुन्या सर्व्हरला माहीत नसतात. त्या एका वेळेपुरती त्याची किंमत ‘एक्सटर्म-२५६कलर’ करून पायथन चालवा. सुधारलं तर कारण मिळालं. टीमक्सच्या (एका टर्मिनलात अनेक टर्मिनलं चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत मात्र हे नाव कायमचं लावू नका, तिथे ‘टीमक्स-२५६कलर’ किंवा ‘स्क्रीन-२५६कलर’ हवं.

वाचतंय कोण?

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि बहुतेक जण हीच गाळतात. पायथन उघडा आणि ‘इम्पोर्ट रीडलाइन’ टाइप करा.

मॉड्यूलनॉटफाउंडएरर आला तर या पायथनमध्ये रीडलाइन बांधलेलीच नाही. इनपुटआरसी, स्टार्टअप फाइल (पायथन उघडताच आपोआप चालणारी तुमची फाइल), सगळं विसरा आणि सरळ शेवटच्या दुरुस्तीकडे जा. विंडोजवर मात्र हा एरर येणारच. तिथे मूळ पायथनसोबत हे मॉड्यूल कधी येतच नाही.

एरर आला नाही, तर ‘रीडलाइन.बॅकएंड’ छापून बघा. ३.१३ आणि पुढच्या आवृत्त्यांत उत्तर ‘रीडलाइन’ किंवा ‘एडिटलाइन’ असं मिळतं. त्याआधीच्या आवृत्तीत मॉड्यूलचं डॉक छापा (डॉक या शब्दाच्या आधी आणि नंतर दोन-दोन अंडरस्कोर) आणि त्यात ‘लिबएडिट’ हा शब्द आहे का बघा. मॅकवर तो सापडण्याची शक्यता दांडगी. रीडलाइन जीपीएल लायसन्सखाली आहे आणि लिबएडिट बीएसडीखाली. ॲपल आपल्या सिस्टिमसोबत लिबएडिट देतं, आणि गंमत म्हणजे रीडलाइनच्या नावाने तिथे जी लायब्ररी सापडते तीही आतून लिबएडिटच असते.

आता खरी मेख. ३.१३ किंवा पुढचा पायथन असेल तर रीडलाइन इम्पोर्ट होते, बॅकएंडही ‘रीडलाइन’ सांगतो, आणि तरी प्रॉम्प्टवरच्या कळा ती वाचतच नसते. ओळखण्याची सोपी खूण: कंस न लावता नुसतं ‘एक्झिट’ टाइप करून एंटर दाबा. पायथन बंद झाला तर तुम्ही नव्या शेलमध्ये होता. ‘एक्झिटला कंस लावा किंवा कंट्रोल-डी दाबा’ अशा अर्थाचा उपदेश आला तर जुन्या शेलमध्ये आहात. प्रॉम्प्ट रंगीत दिसणं हीही नव्याचीच खूण, पण रंग स्टार्टअप फाइलमधूनही आलेला असू शकतो, म्हणून मी एक्झिटवर विसंबतो.

नवा शेल: ३.१३चं प्रकरण

ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथन ३.१३ आला आणि त्यासोबत पायपाय प्रकल्पाच्या पायरेपलवर बेतलेला हा शेल. अख्खं फंक्शन एका बाणात परत येतं, एफ१ने मदत, एफ२ने इतिहास, एफ३ने पेस्ट मोड. विंडोजवरही चालतो. चांगला आहे, यात वाद नाही. पण रीडलाइनच्या पद्धतीच्या सेटिंग फाइली तो वाचत नाही. त्याच्या कोडमध्ये रीडलाइनच्या ‘पार्स अँड बाइंड’ या फंक्शनच्या नावाला एक जागा ठेवली आहे, आत काम शून्य. त्यामुळे तुमच्या स्टार्टअप फाइलीतली सेटिंग एरर न देता चालून जाते, आणि या शेलच्या कळांवर तिचा परिणाम काहीच होत नाही. अपग्रेड केल्यावर ‘काल चालत होतं’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं हे आहे.

खात्री करायला ‘पायथन_बेसिक_रेपल’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला १ ही किंमत द्या आणि पायथन पुन्हा उघडा. व्हेरिएबलची अक्षरं सगळी मोठी, मधे अंडरस्कोर, आणि शेवटचा शब्द आर-ई-पी-एल. तुमचा व्हीआय मोड परतला? मग तुमच्या फाइलीत दोष नव्हता.

पुढे काय ठेवायचं हा आवडीचा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर व्हीआय मोड बोटांत बसलेला असेल, तर तो व्हेरिएबल ~/.बॅशआरसीमध्ये कायमचा टाका आणि नव्या शेलचा मोह सोडा. नुसते बाण, टॅब आणि कंट्रोल-आर वापरत असाल तर नवा शेलच ठेवा आणि इनपुटआरसीचा नाद सोडा. अर्धं हे, अर्धं ते, असं जमत नाही.

याच आवृत्तीत आणखी एक चकवा आहे. एखादी स्क्रिप्ट पीडीबीखाली (पायथनच्या डीबगरखाली) चालवली की डीबगरच्या प्रॉम्प्टवर रीडलाइन असते आणि इनपुटआरसी लागू होते. म्हणजे एकाच पायथनमध्ये डीबगरला व्हीआय मोड, आणि मुख्य प्रॉम्प्टला नाही. ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ असं कोणी सांगितलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो की कुठल्या प्रॉम्प्टवर?

स्टार्टअप फाइल बाजूला ठेवून बघा

‘पायथनस्टार्टअप’ (सगळी मोठी अक्षरं) या व्हेरिएबलमध्ये एखाद्या फाइलीचा पत्ता असेल तर ती प्रत्येक वेळी आधी चालते. त्या एका वेळेपुरता तो व्हेरिएबल रिकामा ठेवून पायथन उघडा. दुखणं गेलं तर ते त्या फाइलीत आहे. फाइल बाजूला ठेवायला म्हणून ‘-’ आणि मोठा आय हा पर्याय अनेक जण सुचवतात. तो मी इथे वापरत नाही, कारण त्याने पायथनचे सगळेच व्हेरिएबल दुर्लक्षिले जातात. त्यात वर सांगितलेला बेसिक रेपलचाही आला. मग एका वेळी दोन गोष्टी बदलतात आणि निष्कर्ष फसतो.

बी गायब होण्याचा उगम इथेच. लिबएडिटला टॅब जोडायची ओळ अशी असते:

बाइंड ^आय आरएल_कम्प्लीट

आणि रीडलाइनला अशी:

टॅब: कम्प्लीट

पहिली ओळ मॅकसाठी लिहिलेली, कोणीतरी लिनक्सवर जशीच्या तशी उचलली. रीडलाइनला ‘बाइंड’ ही आज्ञा कळत नाही. तिला वाटतं की हे एका कळेचं नाव आहे, ती त्यातलं पहिलं अक्षर उचलते आणि बी ही कळ अस्तित्वात नसलेल्या कामाला जोडून मोकळी होते. बी गेला. उलट, दुसरी ओळ लिबएडिटला दिली तर एररही येत नाही आणि टॅबही चालत नाही. दोन्ही प्रकारच्या मशीनवर एकच फाइल वापरायची असेल तर आधी बॅकएंड विचारून मगच योग्य ती ओळ द्या. खरं तर ३.४ पासून टॅब आणि इतिहास दोन्ही पायथन स्वतःच चालू करतो. त्या आधीच्या काळातली ही नुस्खेबाजी फाइलीतून काढूनच टाकलेली बरी.

इनपुटआरसी: आता उघडा

वाचणारी रीडलाइनच आहे हे नक्की झालं असेल तरच इथे या. लिबएडिट असेल तर तुमची फाइल वेगळी: ~/.एडिटआरसी, आणि व्हीआय मोडसाठी तिच्यात ‘बाइंड -व्ही’ एवढी ओळ पुरते.

रीडलाइनसाठी बॅश हीच उत्तम प्रयोगशाळा. नवं बॅश उघडा. फाइलीत काही ओळी तिला कळल्या नाहीत तर बॅश सुरू होतानाच ‘रीडलाइन’ या शब्दाने सुरू होणारा, ओळ क्रमांकासकट संदेश दिसतो. फाइल सुधारल्यावर दरवेळी शेल बंद करायची गरज नाही. कंट्रोल-एक्स आणि लगोलग कंट्रोल-आर दाबलं की ती नव्याने वाचली जाते (ईमॅक्स मोडमध्ये, म्हणजे व्हीआय मोड लावला नसेल तेव्हा).

मला हमखास सापडणारा दोष असा. स्वतःची ~/.इनपुटआरसी तयार केली, तिच्यात एकच ओळ टाकली, आणि दुसऱ्या दिवसापासून कंट्रोल दाबून बाणाने शब्दाशब्दाने सरकणं बंद. कारण असं की घरच्या फोल्डरमध्ये फाइल नसेल तरच रीडलाइन /ईटीसी/इनपुटआरसी वाचते. तुम्ही स्वतःची केलीत आणि डेबियन-उबुंटूने त्या सामायिक फाइलीत भरून ठेवलेल्या जोडण्या एका फटक्यात गेल्या. उपाय एका ओळीचा. तुमच्या फाइलीच्या अगदी वर टाका:

$इन्क्लूड /ईटीसी/इनपुटआरसी

दुसरा नेहमीचा दोष अवतरणचिन्हांचा. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून ओळ चिकटवली की सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात, आणि रीडलाइनला वाकडी कळत नाहीत. ती हाताने पुन्हा टाइप करा. ‘सेट’च्या ओळीत बरोबरचं चिन्हही नको: ‘सेट एडिटिंग-मोड व्हीआय’, बस्स.

पायथनपुरतीच सेटिंग हवी असेल तर ती ‘$इफ पायथन’ आणि ‘$एंडइफ’ या ओळींच्या मधे ठेवा. शेवटची ओळ विसरलात तर खालचं सगळं फक्त पायथनपुरतं होतं आणि बॅश बिघडल्यासारखं वाटतं.

सुडोने (ॲडमिनच्या, म्हणजे रूटच्या हक्काने) पायथन चालवल्यावर सेटिंग जाते अशीही तक्रार असते. तिथे वापरकर्ता बदलतो, बहुधा घरचं फोल्डरही बदलतं, आणि तुमची फाइल तिथे नसते. त्याला दुरुस्ती नको. सुडोने पायथन उघडण्याची गरज का पडली ते बघा.

आधीच्या ओळी हरवतात

इतिहास ~/.पायथन_हिस्टरीमध्ये साठतो. आधी ‘एलएस -एल’ने तिचा मालक बघा. कधीतरी सुडोने उघडलेल्या पायथनने ती फाइल तयार केली असेल तर मालक रूट असतो आणि तुम्हाला तिच्यात लिहिता येत नाही. मालकी परत स्वतःकडे घ्या, संपलं.

मालकी ठीक असेल तर पायथन बंद कसा करता ते आठवा. जुन्या शेलमध्ये फाइल लिहिली जाते ती पायथन शहाण्यासारखा बाहेर पडताना. खिडकीच्या फुलीवर क्लिक केलं की त्याला ती संधीच मिळत नाही. दोन खिडक्यांत दोन पायथन उघडे असतील तर जो शेवटी बंद होतो तो आपला इतिहास दुसऱ्याच्या इतिहासावर लिहून ठेवतो. डॉकर कंटेनरमध्ये तर फाइल कंटेनरसोबतच जाते. ३.१३ पासून ‘पायथन_हिस्टरी’ (मोठी अक्षरं) या व्हेरिएबलने फाइलीची जागा बदलता येते. कंटेनरबाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवा.

शून्य-चार-शून्यचा प्रकार मॅकवर दिसतो, जिथे एक पायथन लिबएडिटचा आणि दुसरा रीडलाइनचा आहे आणि दोघं एकाच फाइलीत लिहितात. लिबएडिट फाइलीच्या डोक्यावर ‘हिस्टरी व्ही२’ अशी चमत्कारिक लहान-मोठ्या अक्षरांची खूण टाकतो आणि जागांऐवजी तो संकेत. दोघांना दोन फाइली द्या.

ओळ स्वतःवर चढते

प्रॉम्प्ट रंगवला आहे का? रंगाचे संकेत दिसत नाहीत, पण रीडलाइन प्रॉम्प्टची लांबी मोजताना तेही मोजते. मग तिच्या हिशेबात कर्सर एका जागी आणि पडद्यावर दुसरीकडे. ओळ छोटी असेपर्यंत कळत नाही, कडेला पोचली की गोंधळ. प्रत्येक रंगसंकेताच्या आधी उलटी तिरकी रेघ शून्य-शून्य-एक आणि नंतर तीच रेघ शून्य-शून्य-दोन टाका. ‘यांच्यामधलं मोजू नको’ असा त्याचा अर्थ. बॅशच्या प्रॉम्प्टमध्ये हेच काम \[ आणि \] करतात.

रंग नसतानाही मराठी स्ट्रिंग टाइप करताना कर्सर सरकतो? जोडाक्षरं आणि मात्रा किती जागा घेतात यावर टर्मिनल आणि रीडलाइन यांचं एकमत होत नाही. लोकॅल (भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग) यूटीएफ-८ आहे ना एवढं ‘लोकॅल’ या कमांडने बघून घ्या. तरी सरकत असेल तर सेटिंगने सुटणारं हे दुखणं नाही. दुसरं टर्मिनल वापरून बघा, नाहीतर मराठी मजकूर फाइलीत लिहा आणि तिथून वाचा. याच्यामागे संध्याकाळ घालवू नका.

रीडलाइनच नाही: शेवटची दुरुस्ती

पायएन्व्हने (पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बांधून ठेवणाऱ्या हत्याराने) किंवा सोर्समधून पायथन बांधला असेल तर बांधतेवेळी रीडलाइनच्या हेडर फाइली मशीनवर नसाव्यात. पायएन्व्ह तेव्हा ‘रीडलाइन एक्स्टेन्शन कंपाइल झालं नाही’ असा इशारा छापतो, पण बाकी सगळं यशस्वी झाल्यामुळे तो कोणी वाचत नाही. डेबियन-उबुंटूवर ‘लिबरीडलाइन-डेव्ह’, फेडोरावर ‘रीडलाइन-डेव्हल’ हे पॅकेज टाका आणि तीच पायथन आवृत्ती पुन्हा बांधा. नुसतं पॅकेज टाकून भागत नाही. मॉड्यूल पायथनसोबतच बांधलं जातं. आधी पिप फ्रीझने पॅकेजांची यादी काढून ठेवा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नव्याने करायची गरज सहसा पडत नाही, कारण ते मूळ पायथनचंच मॉड्यूल वापरतं. त्याच कारणाने, फक्त एन्व्हायर्नमेंट पाडून पुन्हा उभं केलं तर हा दोष जातही नाही.

मॅकवर लिबएडिट नकोच असेल तर पिपने ‘जीएनयूरीडलाइन’ घ्या. नुसतं ‘रीडलाइन’ नावाचं पिपवरचं पॅकेज जुनं आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

पायथन पुन्हा बांधणं शक्यच नसेल तर ‘आरएलरॅप’ हा छोटा प्रोग्रॅम टाका आणि पायथनच्या आधी त्याचं नाव लिहून चालवा. बाण आणि इतिहास मिळतात, पायथनची स्वतःची टॅब-पूर्ती मिळत नाही. ओकॅमल भाषेच्या मूळ शेलला किंवा लिस्पच्या एसबीसीएलला ओळ-संपादन नसतंच, तिथे मी हाच वापरतो.

बाकीच्या शेलांनाही प्रश्न तोच. आयपायथन ५.० पासून प्रॉम्प्ट टूलकिट वापरतो, त्याचा व्हीआय मोड त्याच्या प्रोफाइलमधल्या कॉन्फिग फाइलीत. जीएचसीआयची (हॅस्केलच्या शेलची) फाइल ~/.हॅस्कलाइन. नोडचं सगळं स्वतःचं. रूबीचा आयआरबी २.७ पासून रीलाइन वापरतो, आणि तो मात्र इनपुटआरसी वाचतो.

इथे थांबा

‘लिबरीडलाइन सापडत नाही’ असा एरर आला की सहाच्या नावाने आठची लिंक करा असा सल्ला नेटवर मिळतो. करू नका. त्याच लायब्ररीवर दुसरे प्रोग्रॅम, कधी खुद्द बॅश, उभं असतं. पायथनचे बाण मिळवताना लॉगिन गमवाल. उबुंटूवर सिस्टिमचा पायथन काढून दुसरा बसवू नका, डेस्कटॉप आणि एपीटीची बरीच हत्यारं त्याच्यावर चालतात.

कॉलेजच्या किंवा कंपनीच्या सामायिक सर्व्हरवर पायथन रीडलाइनशिवाय बांधलेला निघाला, तर तुमचं काम तिथे संपलं. सुडो असलं तरी /ईटीसी/इनपुटआरसी बदलू नका, ती सगळ्यांची आहे. सिस्टिम ॲडमिनला कळवा. ‘बाण चालत नाहीत’ एवढंच लिहिलंत तर तो तुम्हाला कीबोर्ड तपासायला सांगेल, आणि त्याची चूक नसेल. पायथनचा पूर्ण पत्ता आणि आवृत्ती, इम्पोर्ट रीडलाइनचं जसंच्या तसं उत्तर, बॅशमध्ये तीच कळ चालते की नाही, आणि टर्म व्हेरिएबलची किंमत, या चार ओळी लिहून पाठवा. पुन्हा बांधणी त्याच्याकडून होईपर्यंत स्वतःच्या फोल्डरमध्ये पायएन्व्ह टाकून काम चालवता येतं, पण हेडर फाइली तिथेही त्यानेच टाकायला लागतात, तेव्हा तेही त्याच पत्रात मागून घ्या.